दुसऱ्या ओळीपासून

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. बाल्कनीतले वॉशिंग मशीन बंद पडले आहे आणि दुरुस्ती मी स्वतः करणार आहे. नोंद राहिलेली बरी.
सकाळी मशीन पोटात पाणी घेऊन मध्येच थांबले. आत सासूबाईंच्या चादरी. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून आमच्याकडे असतात, त्यामुळे घरात चादरींना तोटा नाही. हिने मेकॅनिकला फोन लावला होता, तो मी कट केला. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतला 'दोष व निवारण' तक्ता ज्याने लिहिला, त्याच्या घरी मेकॅनिक येणार? हसे होईल. ही म्हणाली, तक्ता लिहिलात, पण मशीन कधी उघडलंत का. काही प्रश्नांना उत्तर द्यायचे नसते.

४ मार्च, मंगळवार
पद्धत ठरवली. तक्त्याप्रमाणे जायचे. पहिली ओळ सोडून.
पहिली ओळ अशी: 'प्लगमध्ये वीज येते का, हे दुसरे उपकरण लावून पाहा.' ही अडाणी गिऱ्हाइकांसाठी. खरे तर मला सुचलीही नव्हती. तक्ता घरी बसून लिहीत होतो तेव्हा हिनेच पोळ्या लाटता लाटता सुचवली. साहेबांना आवडली म्हणून राहू दिली. जाणकाराने दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करावी.
शिवाय मशीनचा दिवा लागतो आहे, घरघर येते आहे. वीज आहे. पुढे चला.

८ मार्च, शनिवार
हात बसावा म्हणून आधी मिक्सर उघडला. साफ केला, जोडला. एक स्क्रू उरला. कंपन्या एखादा जास्तीचा घालतातच.
हिने बटण दाबले आणि किंचाळली. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. मी तिला समजावले की याचा अर्थ वीज आतपर्यंत पोचते आहे, म्हणजे जोडणी बरीचशी बरोबर आहे. ती ओट्याला टेकून खाली बसली. दुपारी जेवायला फक्त भात. लहानसहान गोष्टी मनाला लावून घ्यायची सवय.

९ मार्च, रविवार
हिने स्पष्ट सांगितले. मेकॅनिक बोलवा, नाहीतर मी आईला घेऊन दादाकडे जाते. मी म्हणालो, महिनाअखेरपर्यंत मुदत दे, मशीन सुरू नाही झाले तर खुशाल जा. ती म्हणाली, बरं.
इतक्या लवकर 'बरं' म्हणेल असे वाटले नव्हते. पण प्रश्नच येत नाही. ती गेली तर मला चहासुद्धा करता येत नाही, हे तिला ठाऊक आहे.
तोवर चादरी हाताने धुते आहे. मनगट सुजले आहे. मी तिला पिळण्याची योग्य पद्धत सांगितली.

१२ मार्च, बुधवार
मोठा दिवस. गुन्हेगार सापडला.
मशीनच्या तळाशी पाणी बाहेर फेकणारा पंप असतो. त्याच्या पंख्यात सासूबाईंच्या केसांचा आकडा अडकलेला. एवढासा आकडा, आणि पाण्याची वाट अडवून बसलेला. काढला. पंखा बोटाने भर्रकन फिरला.
पुरावा घेऊन सासूबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत जात नाही, वास येतो. दारातूनच आकडा दाखवला आणि सांगितले की तुमच्यामुळे सगळ्या घराला त्रास झाला. त्या हसल्या. कळले नसावे. हिने आकडा माझ्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि आईच्या केसांत लावला.
उद्या चाचणी.

१३ मार्च, गुरुवार
मी पाइपची क्लिप आणायला बाहेर गेलो तेवढ्यात वायरमन येऊन गेला. सासूबाईंच्या खोलीतल्या पंख्यासाठी, असे ही म्हणाली. परत आलो तेव्हा तो बाल्कनीतून बाहेर पडत होता, टेपचे रीळ खिशात घालत. माझ्याकडे बघून हसू दाबले. या लोकांना आपल्या क्षेत्रातला माणूस लगेच ओळखू येतो.
संध्याकाळी चाचणी. बटण दाबले. काही नाही. पूर्वी निदान दिवा लागायचा, आता तोही नाही.
हे चांगले लक्षण आहे. अर्धवट दोषापेक्षा पूर्ण दोष शोधायला सोपा. तक्त्यात या लक्षणापुढे 'ओळ १ पाहा' असे लिहिले आहे. लिहिणारा मीच असल्यामुळे ते गांभीर्याने घेण्याचे कारण नाही.

१६ मार्च, रविवार
दाराचे लॉक बदलले. फरक नाही.
हल्ली ही सकाळी चादरींची बादली घेऊन खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गप्पा मारायला जाते आणि दोन तासांनी येते. चादरी स्वच्छ, जवळजवळ कोरड्या. मी सांगितलेली पिळण्याची पद्धत लागू पडली.

१९ मार्च, बुधवार
सर्किट बोर्ड काढून पुसला, परत बसवला. फरक नाही. मशीन फार खोलवर बिघडले आहे. एका अर्थी असेच मशीन माझ्या वाट्याला यायला हवे होते.
सवडीत हिचाही तक्ता केला. दोष: बोलत नाही. संभाव्य कारण: थकवा, स्वभाव, माहेर. निवारण: काही वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू करून पाहा. म्हणून मीही दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षात आले की नाही, सांगता येत नाही.

२३ मार्च, रविवार
फ्रिजरमध्ये बर्फ फार साठला होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला. आतून सुस्स असा लांब आवाज आला. बहुधा कोंडलेली हवा.

२४ मार्च, सोमवार
हवा नव्हती, गॅस होता. दूध नासले. सासूबाईंसाठी केलेली खीर आंबली. ही काही बोलली नाही. बोलायला हवे होते. माणूस बोलला की आपल्यालाही बाजू मांडता येते.
मेहुण्याचा फोन आला होता, तो हिने दार लावून घेतला.

२८ मार्च, शुक्रवार
मोटर काढून पुन्हा बसवली. फरक नाही. मीटरने मोजणार होतो, पण मीटर म्हणजे स्वतःवरचा अविश्वास.
हिने आज आपण होऊन मशीनची चौकशी केली. बर्फ वितळतो आहे तर. विचारले, सगळं पहिल्यापासून तपासलंत का. मी म्हणालो, दुसऱ्यापासून. ती हातातली उशी तशीच धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं. कौतुक असावे. पूर्वी नोकरीत बढती मिळाली तेव्हा अशीच बघायची, की तेव्हा वेगळी बघायची, आता आठवत नाही.

३१ मार्च, सोमवार
मेहुणा गाडी घेऊन आला. मला वाटले चहाला.
सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली नेले. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी खुर्ची थांबवायला लावली आणि विचारले, जावईबापू, झालं का हो तुमचं मशीन. मी म्हणालो, झालंच. त्या हिला म्हणाल्या, अगं मग थांबू या की, झालंच म्हणतायत ते. हिने त्यांच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली आणि मेहुण्याला म्हणाली, चल.
निघताना मला म्हणाली, मुदत तुम्हीच मागितली होती. खरे आहे.
चार दिवसांत येईल.

२ एप्रिल, बुधवार
बिस्किटे खाल्ली. सासूबाईंच्या खोलीत पहिल्यांदाच आत गेलो. वास नव्हता. फिनेलचा होता थोडा.
खोली रिकामी आहे तर तिथे कार्यशाळा करावी. मशीन बाल्कनीतून ढकलत आणले. पलंग सरकवून त्या जागी छान बसले.

३ एप्रिल, गुरुवार
खोलीत हीटरचा मोठा पॉइंट आहे. मशीनचा प्लग सहज त्यात लावला. दिवा लागला.
मी बटण दाबले नाही. मशीनने आपणहूनच मागचे अर्धे राहिलेले काम पुढे सुरू केले. पंप फिरला, ड्रम फिरला. आवाज एकदम गोड.
मग टेस्टर घेऊन बाल्कनीत गेलो. पॉइंट मेलेला. उघडून बघितला. आतल्या वायरी सोडवून एकेकीला टेप गुंडाळलेली. टेप नवीन. काम स्वच्छ.
म्हणजे दोष आकड्याचाच होता. म्हणजे मशीन बारा तारखेलाच दुरुस्त झाले होते. मी केले होते. मुदतीच्या कितीतरी आधी.
हिला फोन केला. फोन मशीनपाशी धरून आवाज ऐकवला. ती म्हणाली, छान झालं. मी म्हणालो, मी ते बाराला दुरुस्त केलं आणि तू तेराला वीज तोडलीस. बाराला झाल्याचे तिला माहीत नव्हते. मग म्हणाली, मिक्सरनंतर भीती वाटायला लागली होती, आई उठून पळूही शकत नाही. मी म्हणालो, निदान सांगायचं होतंस. ती म्हणाली, वायरमन म्हणाला होता तासाभरात कळेल त्यांना. मलाही वाटलं, संध्याकाळपर्यंत पहिली ओळ वाचाल. मग वाटलं, उद्या वाचाल. मग नुसती बघत बसले, किती दिवस वाचत नाही ते.
मी विचारले, आता सुरू झालंय, तर कधी येतेस. ती म्हणाली, मशीन बंद करा, उगाच रिकामं फिरतंय.

४ एप्रिल, शुक्रवार
बंद केले नाही. मशीन परत बाल्कनीत नेले, पाइप जोडला, वायर खोलीतून ओढून घेतली. दुरुस्ती पूर्ण झाल्याची नोंद करायची तर एकदा कपडे धुऊन बघायला हवेत. चादरी घरात नाहीत. माझे दोन शर्ट आणि टॉवेल टाकला.
साबणाची पावडर सापडली नाही. ओट्याखाली नाही, मोरीत नाही, कपाटात नाही. तक्त्यात पावडरीबद्दल मी काहीच लिहिलेले नाही. विचारायला हिला फोन केला. उचलला नाही. मेहुण्याला केला. तो म्हणाला, ती चादरी धुते आहे, मशीनवर.
शर्ट नुसत्या पाण्यात धुतले.