दाराआडचा शब्द

कोल्हापूर,
९ ऑगस्ट १९७९

चि. शिवाप्पास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. चंदगडला पाऊस जोरात असेल. काजूची पोती कोरडी ठेव. पत्राला कारण एवढंच, की घराच्या दाराचा शब्द बदलला आहे. तू आलास तर माहीत असावा.

शब्द कसला, तर मागच्या महिन्यात अव्वानं भरदुपारी एका अनोळखी माणसाला घरात घेऊन जेवायला वाढलं. मी कॉलेजात होते. तेव्हापासून नियम केला: शब्द सांगेल त्यालाच कडी काढायची. पहिला मी ठरवला ‘पोटॅशियम परमँगनेट’. कुणाला सुचणार नाही असा, आणि दर सोमवारी नवा. अव्वाला एकही आठवेना. शेजारच्या बनाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “‘मीच हाय’ म्हणायचं की. आनि काय?” या बाईंच्या घराला कुलूपही नसतं.

मागच्या आठवड्यात एकदा भिजत दारात उभी होते. आतून अव्वा, “कोण हाय?”

“अव्वा, मी शांता. तुझी लेक.”

“शब्द सांग.”

त्या आठवड्याचा सांगितला, आधीचेही सांगितले. “न्हाय. त्यो न्हवं.” बनाबाई खिडकीतून म्हणाल्या, “बाई, आज तुमचीच परीक्षा हाय की.”

शेवटी तुझा सांगितला. तालमीतून उशीर झाला की अप्पा कडी घालायला लावत आणि तू फटीशी तोंड नेऊन म्हणायचास, तो. मला ठाऊक नाही असं तुम्हा दोघांना वाटे. भिंत पातळ होती. शब्दही तुझ्यासारखाच, लपवायला नव्हे, अव्वाला हसू यावं म्हणून ठेवलेला. ‘भुकेला वाघ.’

कडी लगेच निघाली.

आता रोज संध्याकाळी छत्री मिटून मी भर गल्लीत भुकेला वाघ होते. विद्यार्थिनी येत-जात असतात. त्याचं काही नाही.

डॉक्टर म्हणतात, वय झालं. तू कामं टाकून धावत यावंस असं काही नाही, असं लिहिणार होते. शिवाप्पा, दार उघडलं की ती माझ्याकडे बघून विचारते, “शिवा, जेवलास का रं?” पहिल्या दिवशी मी तिची चूक दुरुस्त केली. ती ताटावरून उठली. काल “नाही, वाढ” म्हणाले. दोघी नीट जेवलो. मी दमले आहे.

एस.टी. सकाळचीच धर. शब्द तुझा आहे, येऊन तूच सांग. मला तो एकदा आतून ऐकायचा आहे.

पत्राखाली तरी माझंच नाव घालते.

शांतादेवी