मामाचं रक्त

१२ मार्च, सकाळ

बारक्या,

ताईचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तू फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद. माझं अक्षर लागलं नाही तर शेजारच्या चष्मेवाल्याकडून वाचून घे, पण मधेच चुरगळून टाकू नकोस.

लाँड्रीत नवीन मशीन आलंय. चादरी घड्या होऊनच बाहेर पडतात. मालक म्हणाला, आता तुम्ही बायकांनी नुसतं बघत बसायचं. मी म्हटलं, बघत बसायला तुम्ही आहातच की. तुझ्या किल्ल्यांचं दुकान कसं चाललंय? मागे मनगट मोडून घेतलंस आणि कुणाला कळू दिलं नाहीस, तसलं काही करू नकोस.

बरं, मुद्द्याचं. माझ्या चिमणीला दिवस गेलेत हे तुला ठाऊक आहे. सोनोग्राफीत बाळाच्या मांडीचं हाड वाकलेलं दिसलं. आखूडही आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाची हाडं पटकन मोडतात का? मी म्हटलं, माझ्या भावाची, शिंकला तरी बरगडी जाते. तर त्यांनी माझीच पापणी खाली ओढून बघितली. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या आईचेही तसेच होते, लोक कौतुक करायचे. तर म्हणे ते तुझंच दुखणं, आईत आणि माझ्यात दबून बसलेलं. आपण आपलं कौतुक करून घेत होतो.

बाळाभोवतीचं थोडं पाणी सुईनं काढून तपासायला दिलंय. ते ताडून बघायला, ज्याच्यात दुखणं धडधडीत दिसतं अशा घरच्या माणसाचं रक्त लागतं. म्हणजे तुझं.

जावयाने फोन केला तो यासाठी. आणि बोलला काय, तर "मामा, बाळाला तुमच्यासारखं काही नाही ना, एवढंच बघायचंय." शहाणा. "माझ्यासारखं जन्मू नये म्हणून माझंच रक्त काढता का?" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी असते तर आणखी चार शब्द ऐकवून ठेवला असता.

पण तो अर्धंच बोलला रे. उरलेलं अर्धं आम्ही सगळेच गिळून बसलोय. मीही बघ, लाँड्रीच्या गोष्टी सांगत बसले.

दुखणी दोन असू शकतात. एक तुझं. दुसरं असं की छातीचा पिंजरा एवढासाच राहतो आणि जन्मल्यावर बाळाला श्वास घेता येत नाही. नुसत्या सोनोग्राफीवरून कुठलं ते आत्ताच सांगता येत नाही म्हणतात. तुझ्या रक्ताशी जुळलं, तर ते तुझं.

आता कळलं?

चिमणीला मी तोंडावर विचारलं, मामासारखं निघालं तर काय करशील? जावई खाली मान घालून बसला होता. घाबरतो अजून, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, "काय करायचंय? ऑपरेशन करून बाळंत होईन, डॉक्टर आधीपासून तयारीत राहतील. आणि मामाला पाळण्याशी बसवीन. कुणी बाळाला काखेत धरून उचललं की तो ओरडेल."

"मामा ओरडतात खरे," जावई म्हणाला. तेवढ्यावर हसला बिचारा.

तसलं पोर वाढवायला आपल्याला येतं, बारक्या. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली. लंगोट बदलताना पाय धरून वर उचलायचे नाहीत. आईनं असंच तुला वाढवलं आणि तू जावयावर फोन आपटण्याइतका मोठा झालास. चिमणीचंही निभावून नेऊ, त्याची मला काळजी नाही. दुसरं निघालं तर मात्र मला काही म्हणजे काही येत नाही.

तुझं दुखणं जावं म्हणून आईनं जन्मभर हात जोडले. मी आता रोज सकाळी हात जोडते आणि तेच दे म्हणते.

शुक्रवारी गाडी घेऊन येते. उपाशी राहायचं नाही, पोटभर खाऊन बस. दुकान बंद ठेव. राग उरला असेल तर गाडीत काढ, रस्ता लांबचा आहे.

तुझ्या दुखण्याची वाट बघणारी,
ताई