झाडूच्या दांड्याला लागलेली टाच

पलटणीची छावणी, केंटकी
मंगळवार, ११ एप्रिल १८६५

प्रिय ओबेडदादा,

मी धडधाकट आहे, पायाची जखम भरली आहे, आणि ओहायोत तुझंही बरं चाललं असेल असं धरून लिहितो. तुझं पत्र फेब्रुवारीतच मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण छावणीच्या शाळेत मी अजून दुसऱ्याच पुस्तकावर आहे आणि चुका असलेला कागद पाठवणं मला जमत नाही. हे एकच कारण नाही. दुसरं पुढे लिहितो.

काल तारेनं बातमी आली. दक्षिणेच्या मोठ्या सेनापतीनं हत्यारं खाली ठेवली. तोफा उडाल्या, टोप्या उडाल्या; माझी अजून सापडलेली नाही. पण केंटकी दक्षिणेबरोबर कधी फुटून गेलीच नव्हती, म्हणून इथल्या मालकांची गुलामांवरची मालकी अजून शाबूत आहे. सुटका फक्त शिपायाची, आणि मार्चच्या नव्या कायद्यानं त्याच्या बायकामुलांची.

आपले प्रॅदर मालक अजूनही सांगत फिरतात म्हणे, की ही लढाई आपल्या लोकांवरून झालीच नाही. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बशा घेऊन उभा असायचो. पश्चिमेच्या नव्या मुलखात आपल्यासारखी माणसं विकत घेऊन न्यायची की नाही, यावरून त्यांचे दोन मुलगे भांडायचे. पुढे ते दोघं वेगवेगळ्या वेळी जेवू लागले. मग एक निळा कोट घालून उत्तरेकडून लढायला गेला, दुसरा करडा कोट घालून दक्षिणेकडून. एवढ्या भांडणात एकदाही कुणी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

असो. शनिवारी माझी बायको तामार आली. पोरीला पाठीला बांधून बावीस मैल चालत आली. तिच्या मागोमाग प्रॅदर मालकांचा माणूस येऊन फाटकाशी बसला. आमचं लग्न झाल्याचं ठरलं नाही, तर तो तामारला आणि लहानग्या पर्मेलियाला परत नेणार होता.

आज सकाळी आम्ही कचेरीत उभे राहिलो. कप्तान म्हणाले, "शपथेवर सांग, लग्न झालं होतं?"

दादा, आमच्या लग्नाला ना कागद, ना पाद्री. फक्त आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे दोघांनी झाडूवरून मारलेली उडी. आणि उडी मारताना माझी टाच दांड्याला लागली होती. चार वर्षं ते माझ्या मनात सलत होतं. शपथेवर खोटं कसं बोलू? मी म्हणालो, "झालं साहेब, पण पुरतं नाही."

"पुरतं नाही?" तामार कडाडली. "मग ही तीन वर्षांची पोर काय अर्धीच झाली?"

कारकून टेबलाखाली तोंड घालून हसू लागला. मला मात्र दारातून तो फाटकावरचा माणूस दिसत होता.

तेवढ्यात फ्रोनीमावशी पुढे झाली. आमच्या लग्नात झाडू तिनंच धरला होता. वर्षभरापूर्वी ती पळून आली आणि आता छावणीचं धुणं धुते. "अरे गाढवा, ऐन वेळी दांडा मीच वर उचलला! ज्याची टाच लागते, त्याच्यावर दुसऱ्याचं राज्य चालतं. तामार माझ्या हाताखाली वाढलेली पोर. मी नाही उचलणार तर कोण उचलणार?"

कप्तानांनी मला विचारलं, "मग? चालतं का तिचं राज्य?"

"चालतं, साहेब."

"म्हणजे लग्न झालंय," म्हणून त्यांनी सही केली. तो माणूस फाटकावरून उठून गेला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

आता ते दुसरं कारण. गेल्या जूनमध्ये भरती व्हायला निघालो, तेव्हा तामारला काही सांगितलं नव्हतं. तिला माहीत असतं, तर मालकांनी ते तिच्याकडून मारून वदवून घेतलं असतं. शनिवारी मी हे भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "का सांगितलं नाहीस, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला माफी हवी असेल तर आधी जेव."

दहा वर्षांपूर्वी तूही आम्हाला न सांगता नदीपार ओहायोत पळून गेलास. मी तुला पळपुटा म्हणत राहिलो. पत्रात तू आईबद्दल विचारलंस, आणि मी दोन महिने मुद्दाम गप्प राहिलो. आई पाच वर्षांपूर्वी तापानं गेली. तू पळालास त्या सकाळी मालक तिच्यावर ओरडत होते. ती मक्याचं पीठ मळत खाली मान घालून उभी होती. त्यांची पाठ वळली आणि आई हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. ते हसू तुझं होतं, आणि मी ते तुझ्यापासून दाबून ठेवलं.

तू एवढ्यात नदी ओलांडून येऊ नकोस, इथला कायदा अजून बदललेला नाही. पलटण मोकळी झाली की आम्हीच तिघं येतो.

आता तुझ्यावर न रागावलेला, तुझा धाकटा भाऊ,
एनॉक

खालची फुली ही तामारची सही, तिनं स्वतः काढली आहे. मी हात धरायला गेलो, तर तिनं धरू दिला नाही.

×