पाच हॉर्सपॉवर

मंगळवार, ऑगस्ट १९९१

आईला जाऊन आज तेरा दिवस झाले. होडीचं इंजिन मीच निवडलं होतं. उल्हासनगरचा दुकानदार म्हणाला, "आठवाला ले साईं, नाव कभी खाली चलती है क्या?" मी वहीत चार माणसांचं वजन मांडलं आणि पाच हॉर्सपॉवरचं घेतलं. चारच का धरली? आमच्या पाड्यात कुणी आजारी पडलं की सगळे सोबत निघतात, हे मला ठाऊक नव्हतं?

त्या दिवशी आईला पलीकडच्या दवाखान्यात न्यायला अकरा जण बसले. धरणावर समोरून वारा. पाच हॉर्सपॉवर. पलीकडचा काठ दिसत होता, आणि आई गेली.

निघताना मी दोघांना उतरवणारच होतो. पण धापा टाकत आईच बाजूला सरकली. म्हणाली, "बस गं कमळे, जागा आहे."