रबरी बाळाची ढेकर

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि माझ्या ठमीच्या दोन्ही गालांचे पापे.

मी मजेत आहे. खोली स्वच्छ आहे, जेवण बरं आहे, झोप लागते. म्हणजे, लागते कधी कधी.

माझ्यासारख्या, मुलांसाठी घरी बसलेल्या बालरोगतज्ज्ञांना इथे पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. मला शिकवणारी एके काळी माझी ज्युनियर होती. अजून मला मॅडम म्हणते आणि त्याच दमात चूक काढते. औषधांचे डोस बदललेत, माझ्या तोंडी मात्र जुनेच येतात.

काल रबरी बाळाचा श्वास सुरू करायची परीक्षा होती. सगळं बिनचूक केलं. आणि मग त्याला खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत थोपटत राहिले! सगळे पोट धरून हसले. मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा पथ्य पाळतात ना? ठमी माझ्याशी फोनवर बोलत का नाही? रुसली असेल तर रुसू दे, पण नीट जेवते ना?

रविवारी फोनवर मागे कुणीतरी खोकत होतं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू म्हणालीस, टीव्ही लावलाय. आई, मी बाकी सगळं विसरले असेन, पण टीव्ही असा खोकत नाही. पत्र मिळालं की मला फोन लाव, आणि काही न बोलता तो ठमीच्या छातीवर धर. माझं मला ऐकू दे.

तुझी, झोप लागते म्हणणारी,
लेक