आभार मानायची स्पर्धा

अस्मारा, ५ मार्च १९९७

चि. हब्तेआबास थोरल्या बहिणीचे अ. आ.

तुझी संत्री पोचली. वरची गोड, खालची तुझ्यासारखी, नुसता सालीला तजेला. बाबांनी मात्र आवडीनं खाल्ली.

तुझ्या लुआमच्या शाळेत सध्या तमाशा चाललाय. इटलीहून आलेल्या मंडळींच्या एका समितीनं इटालियन शिकणाऱ्या मुलांसाठी स्पर्धा ठेवलीय. विषय, ‘इटालियन भाषेनं माझ्या घराला काय दिलं’. चित्र, गाणं, नाटुकलं, काहीही चालतं. पहिल्या नंबराला वर्षभर इटलीत शिक्षण. निम्म्या पोरांनी मॅकरोनी चिकटवून मनोरे केलेत. शेजारच्या मुलानं कॉफीच्या मशीनवर कविता केली. त्यानं ती म्हणायला घेतली आणि मला नेमकी चुलीवरच्या डाळीची आठवण झाली.

तुझ्या लेकीनं बाबांवर एकपात्री लिहिलंय. बाबा चौथीत पहिले आले आणि त्याच दिवशी मास्तरांनी त्यांची पाटी काढून घेतली, कारण तेव्हा आपल्यावर राज्य करणारं इटालियन सरकार आपल्या पोरांना चौथीपुढं शिकू देत नव्हतं. एवढंच आहे त्यात. पण ते इतकं साधं लिहिलंय की वाचताना मला चष्मा पुसावा लागला.

समितीच्या अध्यक्षा सिन्योरा कोर्तेल्ला यांना ते फार उदास वाटलं. हा उत्सव आहे म्हणे. शेवटी आजोबा इटालियन भाषेचे आभार मानतात असं दाखव, मग पहिला नंबर तुझाच, असं त्यांनी लुआमचा गालगुच्चा घेऊन सांगितलं. बाईंना इथं येऊन वर्षही झालं नाही, आणि आमच्या घरात काय आठवावं हे त्या ठरवणार.

पोरगी इथं माझ्या घरात नुसती वही उघडते आणि मिटते. मी तोंड आवरलंय. मी बोलले तर केरेनपर्यंत ऐकू येईल.

लोभ आहेच. तो संत्र्यांवर भागवू नकोस, चार ओळी लिहीत जा.

तुझी,
अब्रेहेत


केरेन, १२ मार्च १९९७

ति. ताईस आपल्या रीतीनं खांद्याला खांदा भिडवून सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. इस्टरआधीच्या उपासातही तुझ्या जिभेला माणसं खायला चालतात, हे पाहून बरं वाटलं.

मानू दे की आभार. तो मास्तर मेला, त्याचं सरकार मेलं. पोरीचं आयुष्य पुढं आहे. मी इथं दिवसभर सायकलींची पंक्चरं काढतो, आणि तू तिकडं कॉफीचा कप धरून नाकं मुरडतेस. तुला सोपं आहे, तुला कुठं पोर आहे? हे कडू झालं, पण खोडत नाही.

लुआम इटलीला चालली असं मी अख्ख्या बाजारात सांगून बसलोय. नंबर हुकला तर इस्टरनंतर तिला घरी घेऊन येईन. तिच्या मावशीनं एक स्थळ सुचवलंय, मुलाचं स्वतःचं गॅरेज आहे. आणि ज्यांच्यावरून हे सगळं चाललंय त्या बाबांना कुणी विचारलंय का?

लोभ असू द्यावा, टोमणे थोडे कमी.

तुझा,
हब्तेआब


अस्मारा, २४ मार्च १९९७

चि. हब्तेआबास रागासकट अ. आ.

ते पोराचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यावर इथं काही लिहीत नाही.

तुझं स्थळाचं बोलणं लुआमला सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही. मग तू म्हणालास तसं तिनं बाबांना विचारलं. ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, “मान आभार. अगदी सगळ्याचे मान, काही राहू देऊ नकोस.” मला वाटलं, म्हातारा नमला. मला त्यांचाही राग आला.

स्पर्धेला सभागृह भरलं होतं. आधी पिझ्झाच्या वेषातला एक मुलगा आला, मधेच ओळी विसरला, तरी समितीच्या डोळ्यांत पाणी. मग तुझी लेक. पाटीपर्यंतचं सगळं तिनं तसंच केलं. मग हात जोडले आणि आभार सुरू केले. पाटी काढून घेण्याआधी ‘शाबास’ म्हणणाऱ्या मास्तरांचे आभार. सिन्योरांनी मान डोलावून टाळ्या वाजवल्या. आम्हाला पाय ठेवायची बंदी करून मोठा रस्ता इतका स्वच्छ ठेवला, त्याबद्दल आभार. सिनेमाला आमच्यासाठी वेगळं दार ठेवलं, गर्दी टळली, आभार. ‘ये’, ‘उचल’, ‘लवकर’ एवढे शब्द शिकवले, तुमच्या स्वयंपाकघरात आजोबांना उभा जन्म तेवढेच पुरले, आभार.

मागच्या बाकांवरचे म्हातारे हसायला लागले. एकानं ओरडून बसमधल्या आपल्यासाठीच्या मागच्या जागांची आठवण करून दिली. दुसऱ्यानं आणखी काही सांगितलं. लुआम थांबायची, ते शुद्ध इटालियनमध्ये घालायची आणि वाकून आभार मानायची. सिन्योरांचे हात टाळीच्या मधेच अडकले.

बाबा हसले नाहीत. ती थांबल्यावर ते उठले आणि थेट समितीकडे बघून इटालियनमध्ये म्हणाले, “हिला पुढच्या वर्गात घाला.”

पहिला नंबर पिझ्झाला. लुआमला भाग घेतल्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर तिचं नाव चुकलंय. आता तुझं गॅरेज आण.

लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.

अब्रेहेत


केरेन, २ एप्रिल १९९७

ति. ताईस खाली मान घालून सा. न. वि. वि.

ते वाक्य मी लिहायला नको होतं. लुआमला वाढवलंस तू, मी नुसती संत्री पाठवली.

दोन दिवस संतापलो होतो. इटलीचं कुणी विचारलं की हवा भरायच्या पंपाचा आवाज करायचो. शेवटी शेजारच्या शिंप्यानं धरून बसवलं, तेव्हा तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आभारांचा भाग त्यानं पुन्हा वाचायला लावला आणि त्यात त्याच्या बापाच्या वाटचे दोन आभार घातले. आता संध्याकाळी लोक चाकं चांगली असली तरी दुकानात येऊन बसतात.

गॅरेजवाल्याच्या आईनं आपणहून नकार कळवला. इतकी जीभ असलेली सून झेपणार नाही म्हणे. मी आग्रह केला नाही.

रविवारच्या बसनं येतोय. घाबरू नकोस, न्यायला येत नाही. लुआमनं ते सगळं मला म्हणून दाखवावं आणि बाबांना माझ्या समोर बसव. मला इटालियन धड कळत नाही, मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकेन.

लोभ करावा, मी अजून त्या लायक झालो नसलो तरी.

तुझा,
हब्तेआब