तीन, चार, पाच, सहा

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा कायमचा असा नाही, जिममध्ये ज्याला भिंगरी म्हणतात तो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. दडपण नाही हे पूर्ण खरं नाही. उद्या डावखुऱ्याशी माझा सामना पुन्हा आहे आणि ताई म्हणाली, "लढणारच असशील तर तुझं सामान कुणाला द्यायचं ते आधी लिहून दे. मागाहून तुझ्या पिशव्या उपसत बसायला मला वेळ नाही." ती रागाने बोलली. मी कागद घेतला. भाऊजी वकिलाकडे टायपिंग करतात, त्यांनी नमुना दिला. त्यात पुढचं वाक्य असं आहे: मी पूर्ण शुद्धीत असून माझी स्मरणशक्ती ______ शाबूत आहे. जागा मी मोकळी सोडली आहे, कारण कलम चारमध्ये घोळ आहे.

कलम १. घर. नाही. मी आलो की ताईच्या मागच्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेर जातं, मी गेलो की आत येतं. यापुढे मशीन हलवू नये.

कलम २. बचत. भाऊजींकडे ठेवायला दिली आहे, माझ्या खिशात टिकत नाही. ती भाचीला द्यावी. तिने ती शहाणपणाने खर्च करू नये.

कलम ३. सायकल. ती बंदरावर बोटींच्या शेडमागे साखळीने बांधून ठेवली आहे. तिथे मी बोटी रंगवायचो. मुकादमाने एकदा मला ठोसा मारला, मी ब्रश उचलायला खाली वाकलो आणि त्याचा हात खांबावर बसला. हे बघायला नेमके जिममध्ये शिकवणारे उस्ताद उभे होते. "वाकतोस छान," म्हणाले. तेव्हापासून मी बॉक्सर. सायकल ज्याला सापडेल त्याची. किल्ली ताईच्या बटणांच्या डब्यात.

कलम ४. ग्लव्ह्ज. मी घसरलो असेन तर उस्तादांना. पडलो असेन तर डावखुऱ्याला, कारण मग ते त्याने कमावले.

झालं असं. मागच्या सामन्यात, दुसऱ्या फेरीत डावखुऱ्याचा हात आला, माझा पाय सरकला आणि मी खाली. खाली गेलं की एक गुडघा टेकून थांबायचं आणि आठला उठायचं, तेवढाच फुकटचा दम मिळतो, असं उस्तादांनी शिकवलेलं. मी थांबलो. पंच मोजायला लागला. एक. दोन. सात. मी म्हटलं, हे काय? उठायला गेलो तर पाय कुठे ठेवले होते तेच आठवेना, आणि त्याने हात हलवून सामना संपवला.

मी ओरडलो, चार आकडे खाल्ले! निम्मा हॉल माझ्या बाजूने ओरडला. उस्तादांनी तक्रार केली ती वेगळीच: मॅट ओली होती, पोरगा घसरला, घसरलेल्याला मोजायचंच नसतं. मॅटवरचं पाणी उस्तादांच्याच बादलीतलं होतं, पण ते समितीने विचारलं नाही. निकाल रद्द. नॉकआऊट धरला असता तर काही महिने सक्तीची विश्रांती होती. घसरणं ठरलं, म्हणून उद्या सामना.

म्हणजे मी जिंकलो. पण ताई पहिल्या रांगेत होती. ती म्हणते, "तीन, चार, पाच, सहा, सगळं म्हणाले ते. बोटं दाखवून. मीही त्यांच्याबरोबर म्हणत होते, मूर्खा, ऊठ म्हणून." ताई माझ्याशी खोटं बोलत नाही. मांजर काकांकडे राहायला गेलं म्हणाली होती ते सोडून. मग आकडे खाल्ले कुणी?

कलम ५. खालच्या लाँड्रीवाल्याला काहीही देऊ नये. माझा निळा स्वेटर त्याने भाचीच्या मापाचा करून दिला.

कलम ६. पंचाला काहीही देऊ नये.

इथवर आलो तर भाऊजी म्हणाले, साक्षीदार दोन लागतात आणि ज्यांना काही मिळणार त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सही करायची नसते. आता माझ्या ओळखीत काहीच न मिळणारे दोघेच. भाऊजींनी दोघांनाही फोन केला. लाँड्रीवाला लगेच वर आला. पंच दिवसा ड्रायव्हिंग शिकवतो, तो शिकाऊ गाडी घेऊन आला. त्याने बूट दाराबाहेर काढले, चहा नको म्हणाला आणि कागद वाचला.

"ही जागा मोकळी का?"

"आधी माझे चार आकडे सांगा."

"म्हटले मी. तू तिथे नव्हतास." त्याने चष्मा काढला. "डोळे उघडे होते तुझे, पण माझ्या बोटांकडे नव्हते. तीनलाच मोजणं थांबवून डॉक्टरला आत घ्यायला हवं होतं. मला वाटलं, आठला उठणाऱ्यांतला आहे."

"पण मी घसरलोच होतो!"

"घसरला असशील. घसरूनही डोकं आपटतं, बाबा."

ताई ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. भांडं मात्र एकच, परत परत घासत होती. लाँड्रीवाला म्हणाला, "मी नंतर येऊ का?" आणि बसला.

कलम ७. उद्या मी लढत नाही. उस्तादांना भाऊजी कळवतील, माझ्याने होणार नाही. सकाळी पंच मला डॉक्टरकडे नेणार आहे. ताई म्हणाली, मीही येणार, आणि पुढे बसणार. शिकाऊ गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, म्हणून मी हो म्हटलं.

कलम ४ तूर्त तसंच राहील. पडलो की घसरलो ते मला अजून कळलेलं नाही. तोवर ग्लव्ह्ज ताईने ठेवावेत, माझा हात पोचणार नाही असे.

वरची मोकळी जागा आता भरतो: मी पूर्ण शुद्धीत असून माझी स्मरणशक्ती चार आकडे सोडून शाबूत आहे. भाऊजी म्हणतात, असं लिहीत नाहीत. लिहिलं.

ठिकाण: ताईचं स्वयंपाकघर, खिडकीकडची खुर्ची.
दिनांक: सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.
सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: सही पाहिली. स्वेटर मुळातच लहान होता. लाँड्रीवाला.

साक्षीदार दुसरा: लिहिणारा आज या टेबलाशी शुद्धीत होता. त्या दिवशी नव्हता, आणि मी मोजत राहिलो. पंच.